खाऱ्या हवेतलं गोल्फ

गोव्यात वस्तू वापरून झिजत नाहीत तेवढ्या नुसत्या ठेवून खराब होतात. जूनमध्ये बंद केलेलं कपाट चतुर्थीच्या तोंडावर उघडून बघा. कोटाच्या कॉलरवर बुरशी, सुटकेसची चेन जागच्या जागी अडकलेली, कुलपाला गंज आणि नाकात शिरणारा तो ओळखीचा कुबट वास. समया-तांब्यांचं एक बरं असतं, त्यांना चिंच लावली की झालं. पण लोखंड, चामडं, रबर, कापड आणि गोंद, म्हणजे या हवेला जे जे आवडतं ते सगळं एकाच ठिकाणी भरायचं ठरवलं, तर त्याची गोल्फची बॅग होते. चांगली महागडी बॅग. आणि बहुतेकांची ती आठवडाभर, कधी महिनाभर, जिन्याखाली उभी असते.

म्हणून इथे गोल्फ खेळणाऱ्याने स्विंगची चिंता थोडी कमी आणि फडक्याची थोडी जास्त करावी, असं माझं मत झालंय. मी मडगावात फार्मसी चालवतो, सवड मिळेल तेव्हा खेळतो, आणि खेळ बेताचाच आहे. तेव्हा हे मत खेळाडूचं नाही, सामान सांभाळणाऱ्याचं समजा.

गोल्फ खेळतो म्हटलं की आमच्याकडे लोक जरा चमकून बघतात. कोलकात्यात १८२९ पासून गोल्फ क्लब आहे, पण तिथे इंग्रजांचं राज्य होतं. पोर्तुगिजांना या खेळाचं वेड नव्हतं. आमच्या वाट्याला आला फुटबॉल, तोही १८८३ साली शिवोलीत येऊन राहिलेल्या एका ब्रिटिश पाद्रीमुळे, असं सांगतात. गोल्फ आमच्याकडे आलं ते हॉटेलांच्या कुंपणाआड. मोबोरला साळ नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत १२ होलचं मैदान, काणकोणात राजबागेला ९ होलचं, अशी सगळी आटोपशीर मैदानं. पेडण्यात तर गोल्फ कोर्स हा शब्द उच्चारताना इकडेतिकडे बघावं लागतं. तेरेखोलला असा प्रकल्प येणार म्हटल्यावर काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांनी तो अडवून धरला होता, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. हिरवळ राखायला पाणी किती लागतं ते मैदानावरचे स्प्रिंकलर बघितले की कळतं. खेळ आवडतो म्हणून त्याचं सगळंच आवडायला पाहिजे असं नाही.

माझा सेट शेजारच्या अंकलांकडून आला. अंकल तारवटी. उमेदीची वर्षं प्रवासी बोटींवर गेली. बंदरात बोट लागली की त्यांचे वरचे ऑफिसर जवळच्या मैदानावर जायचे आणि जाताना यांना घेऊन जायचे, आधी पिशवी उचलायला, पुढे चौथा भिडू म्हणून. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा ट्रंकांबरोबर एक गोल्फ सेटही आला. अंकलांचं खेळणं आता गुडघ्यांनी बंद केलंय, पण बाल्कांवात, म्हणजे घरासमोरच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून हुकूम सोडणं चालू आहे.

त्यांचा पहिला हुकूम बॉलविषयी होता. बॅगेत १४ क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, ठेवायला नियमाने परवानगी आहे, पण त्यातला एकही क्लब प्रत्येक फटक्याला लागत नाही. बॉल मात्र प्रत्येक फटक्याला लागतो. तरी लोक ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबवर, पन्नास हजार घालतात आणि बॉल मिळेल तो, सापडेल तो, कुणी लग्नात वाटला असेल तो खेळतात. अंकल म्हणतात, कुठलाही घे, पण एकच घे. पहिल्या होलला कडक, दुसऱ्याला मऊ, तिसऱ्याला सापडलेला, असं केलं तर चुकलं कोण हे कसं कळणार? हात की बॉल?

नियमात बॉलला दोनच मोठी बंधनं दिसतात. वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरच्या खाली नको. किती लांब जावा यालाही मर्यादा आहे, पण ती यंत्राच्या फटक्याने तपासतात, माझ्या फटक्याने नाही. या चौकटीत राहून कंपन्या जो काही गोंधळ घालतात तो दुकानातल्या भिंतीवर डझनांच्या खोक्यांत मांडलेला असतो. खोक्यांवरचं इंग्रजी बाजूला ठेवलं तर प्रश्न मुख्यतः सालीचा आहे. आत बहुतेकांच्या रबराचाच गाभा. वरची साल एक तर आयोनोमरची असते, ज्याला सर्लिन म्हणतात, किंवा यूरेथेनची. आयोनोमर चिवट. दगडावर आपटला तरी सहज फाटत नाही, फिरकी कमी घेतो, सरळ जातो, स्वस्त पडतो. यूरेथेन मऊ. वेजच्या, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबच्या, खाचांत क्षणभर रुततो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पडल्यावर दोन उड्या मारून थांबतो. त्या थांबण्याचे पैसे. डझनाला चार हजारांच्या पुढे जाणारे बॉल बहुतेक या जातीचे.

आता आमच्या मैदानांवर बघा. होल छोटे. ड्रायव्हर बाहेर काढायचं कारण क्वचित, सगळा खेळ आठ-नऊ नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब), वेज आणि पटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा क्लब) यांचा. म्हणजे पुस्तकाप्रमाणे आम्हाला मऊ, थांबणारा, महाग बॉल हवा. पण एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला केवड्याचं बन, आणि दुपार झाली की समुद्रावरून सुटणारा वारा. फिरकी जास्त घेणारा बॉल समोरच्या वाऱ्यात वर चढतो, हवेत रेंगाळतो आणि मागे येऊन पडतो. शिवाय नदीत गेला की चारशे रुपये गेले. २०१९ पासून बॉल शोधायला मिळतात तीन मिनिटं. आधी पाच मिळायची. केवड्याच्या काट्यांत तीन मिनिटंही मला खूप वाटतात.

म्हणून बॉल निवडायचा तर मी सांगेन, टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, जाऊच नका. दोन-तीन जातींचे बॉल घेऊन सकाळी सरावाच्या ग्रीनपाशी जा, जिथे कुणी हाकलत नाही. वीस पावलांवरून तीच वेज, तोच हात, आलटून पालटून चिप करा, म्हणजे छोटा उचलता फटका मारा, आणि पडल्यावर कोण किती धावतो ते बघा. मग पटरने ढकला आणि कान द्या. कडक बॉल ‘टक्’ असा वाजतो, मऊ बॉल ‘टप्’ असा. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळसे लोक लांबीचा अंदाज या आवाजावरच बांधतात, न कळत. दोन्ही कसोट्यांत जो हाताला आणि कानाला पटला, तो घ्या आणि वर्षभर बदलू नका. मला पटला तो मधल्या किमतीचा, मऊ गाभ्याचा आयोनोमर. ग्रीनवर थोडा जास्त धावतो. तो धावणार हे ठाऊक असलं की अलीकडे टाकायचा, एवढंच.

कॉम्प्रेशनचा आकडा, म्हणजे बॉल किती दाबला जातो त्याचं माप, यावरून निवडावा की नाही यावर कंपन्यांतच एकमत नाही. कुणी म्हणतं हात हळू असेल तर मऊ घ्या, कुणी म्हणतं हातावर जाऊच नका, ग्रीनपासून मागे मोजत या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. हवेवरून आमच्या बाल्कांवात एक कायमचा वाद आहे. दमट हवा जड, तिच्यात बॉल कमी जातो, असं अंकलांचं ठाम मत. खरं उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका, रेणूभार १८ विरुद्ध साधारण २९. त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. किंचित, म्हणजे फटक्याला फरक कळायचा नाही इतकी. हे मी फार्मसीवाल्याच्या अधिकाराने समजावून सांगितलं. अंकल म्हणाले, ‘‘पुता, मागीर मे म्हयन्यांत तुजो बॉल खंय वता?’’ मे महिन्यात माझा बॉल कुठेच जात नाही, कारण मे महिन्यात मीच कुठे जात नाही. तो मुद्दा त्यांना गेला.

बॉलच्या इतिहासात मला सगळ्यात आवडतो तो झाडांचा भाग. आधी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठोसून बॉल शिवत, एका बॉलला टोपीभर पिसं. तो पावसात भिजला की फुगून उसवायचा. गोव्यात तर तो जून बघू शकला नसता. मग १८४८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये गटापर्चाचा बॉल आला, मलायातल्या एका झाडाच्या चिकाचा. दंतकथा अशी की पूर्वेकडून आलेल्या एका विष्णुमूर्तीच्या खोक्यात मूर्तीभोवती हा गटापर्चा भरलेला होता, आणि एका पाद्र्याच्या मुलाने तो गरम करून वळला. खरं-खोटं त्या विष्णूला माहीत. पण ते झाड चिकूच्या कुळातलं, हे मात्र खरं. आमच्या बायका केसांत माळतात ती ओंवळां, म्हणजे बकुळ, तीही त्याच कुळातली. पुढे रबराचा धागा गुंडाळलेले बॉल आले, १८९८ मध्ये हॅस्केल नावाच्या अमेरिकनाने काढलेले, आणि त्यांच्यावर साल चढली बलाटाची. बलाटाचं झाड तर चिकूचं सख्खं भावंड, एकाच प्रजातिनामाचं. विसाव्या शतकात मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या त्या या सालीवर. पुढे ती कृत्रिमच बनवू लागले, आणि २००० साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही १ हा बॉल आल्यावर घट्ट गाभ्याच्या यूरेथेनपुढे धाग्याचे बॉल बघता बघता बाद झाले. अंकलांच्या ट्रंकेत बलाटाचा एक बॉल अजून आहे. एका चुकीच्या फटक्याने त्याला पडलेली चीर अशी दिसते जणू कुणी हसतंय.

बॉलवरचे खळगेही असेच वापरातून आलेत. गटापर्चाचा नवा गुळगुळीत बॉल धड उडायचा नाही, आणि मार खाऊन खरचटलेला जुना बॉल चांगला उडायचा. लोकांच्या हे लक्षात आलं तसे ते नवा बॉल आधीच हातोडीने ठोकून घ्यायला लागले. पुढे १९०५ च्या सुमारास विल्यम टेलर या इंग्रजाने आतल्या बाजूला जाणाऱ्या खळग्यांचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे बॉलला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर खळबळतो, त्यामुळे तो बॉलच्या पाठीपर्यंत चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि हवेची ओढ कमी होते. गुळगुळीत बॉल त्याच फटक्याला जवळपास निम्मंच अंतर जातो. आता हे आठवा आणि जांभ्याच्या लाल मातीने बुजलेले खळगे डोळ्यांसमोर आणा. त्या बॉलला पैसे तुम्ही खळग्यांचे दिलेत आणि खेळताय मात्र त्यांच्याशिवाय.

आमची ही माती सुकली की नखाने निघत नाही. चिखल एका बाजूला चिकटलेला असेल तर बॉल सहसा दुसऱ्या बाजूला वळतो. उजवीकडे चिखल, तर डावीकडे. ग्रीनवर खूण ठेवून बॉल उचलता येतो, पुसता येतो. तो हक्क प्रत्येक वेळी वापरावा. त्यासाठी एक टॉवेल अर्धा ओला, अर्धा कोरडा करून बॅगेला लटकवावा. घरी आल्यावर बॉल कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत. ब्लीच नको, ॲसिटोन तर नकोच. माझ्या दुकानात नेलपॉलिश रिमूव्हर मागायला येणाऱ्या एका ओळखीच्या गोल्फवाल्याला मी ते बॉलवरच्या खुणा पुसायला देत नाही.

मिठाचा एक प्रयोग मात्र प्रत्येकाने करून बघावा. बॉलचं वजन आणि आकार यांचा हिशोब मांडला तर त्याची घनता निघते पाण्याच्या १.१३ पटीच्या आसपास. समुद्राचं पाणी १.०२५, म्हणून समुद्रात बॉल बुडतो. पण एप्रिलमध्ये मिठागरातल्या वाफ्यात मीठ धरायच्या आधीचं जे दाट पाणी असतं ते १.२ पर्यंत जातं, त्यात तो तरंगेल. घरी लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवलं की पुरे. काचेच्या बरणीत पाणी घ्या, बॉल सोडा, बोटाने हलकेच फिरवा. तो डुलतो, थांबतो. वर आलेल्या जागी मार्करने ठिपका द्या आणि पुन्हा फिरवा. दर वेळी तोच ठिपका वर येत राहिला तर बॉलची खालची बाजू जड आहे, म्हणजे गाभा नीट मधोमध बसलेला नाही. ठिपका कुठेही भरकटला तर बॉल चांगला. मी डझनाचं डझन असं पोहवून बघितलंय. चांगल्या कंपन्यांचे बॉल सहसा भरकटतातच, त्यामुळे हा प्रयोग पैसे वाचवायला फारसा उपयोगाचा नाही. पण पावसाळ्याच्या संध्याकाळी वेळ फार छान जातो. नंतर बॉल गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, आणि ते मीठ घरातल्या कुणाला परत डब्यात भरू देऊ नका.

तळ्यातून काढलेल्या बॉलांचं काय, असं नवे लोक विचारतात. मैदानाबाहेर मुलं विकायला बसतात, पिशवीत भरून, स्वस्तात. घ्यावेत, पण पारखून. पाण्यात दोन दिवस पडलेला बॉल आणि दोन पावसाळे पडलेला बॉल दिसायला सारखेच असतात. साल पूर्ण जलरोधक नसते, पाणी हळूहळू मुरतं आणि बॉलची उसळी मरते. चमक गेलेला, पिवळट झालेला, खळग्यांच्या तळाशी हिरवट दिसणारा घेऊ नये. त्याहून वाईट तो नवा कोरा दिसणारा, पुन्हा रंगवलेला बॉल. रंगाचा थर खळग्यांत साचलेला असतो, आणि नखाने खरवडलं की कळतं. अंकल अशा बॉलला ‘नवरा’ म्हणतात. का, ते ते सांगत नाहीत.

क्लबांचं दुखणं वेगळं. इथे शत्रू दोन, समुद्राचं मीठ आणि आपल्या हाताचं मीठ. आयर्नवर क्रोमचा मुलामा असतो तोवर गंज बाहेरच थांबतो. पण ज्या जागी बॉल नेहमी लागतो तिथे वाळूने, खड्यांनी तो मुलामा घासत जातो आणि मधोमध तपकिरी ठिपके उमटतात. काही वेज तर मुद्दाम मुलाम्याशिवायच येतात, गंजलेल्याच बऱ्या अशा समजुतीने. त्यांचे मालक डोंगरावर राहत असावेत. समुद्राकाठी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, फटका मारला की वाळूबरोबर खारही चिकटतो, म्हणून त्याच दिवशी धुणं भाग आहे. पाणी कोमट, साबण सौम्य, जुना टूथब्रश आणि खाचांच्या दिशेने घासणं. तारेचा ब्रश नको, मुलामा खरवडतो. खाचा साफ हव्यात, कारण फटक्याच्या वेळी बॉल आणि लोखंड यांच्यात सापडणारं दव, चिरडलेलं गवत, पाणी त्या खाचांतून बाहेर पडतं. खाचा भरल्या की बॉल घसरतो, फिरकी जाते आणि तो ग्रीन ओलांडून जातो.

एक गोष्ट बरेच जण करतात ती करू नये. क्लबांचा सगळा जुडगा बादलीत बुडवू नये. डोक्यापुरतं पाणी पुरे. दांडा जिथे डोक्यात शिरतो तो सांधा गोंदाने जोडलेला असतो. आणि ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या रबराच्या, टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी दांड्याच्या पोटात जातं. स्टीलचा दांडा मग आतून गंजतो, बाहेरून लखलखीत. क्लब कानाजवळ धरून हलवला आणि वाळू सरकल्यासारखा आवाज आला, तर तो बहुधा आतला गंज. धुताना पाणी गेलंच असं वाटलं तर ग्रिप खाली करून क्लब रात्रभर भिंतीला टेकवावा. सकाळी फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन लोखंडावरून हात फिरवावा, इतका हलका की बोटाला तेल लागता कामा नये. खोबरेल लावू नये. ते आंबतं, चिकट होतं आणि आमच्याकडे मुंग्यांना आमंत्रण ठरतं.

अंकलांच्या सेटमध्ये लाकडी डोक्याचा एक जुना ड्रायव्हर आहे. पर्सिमनच्या लाकडाचा. विड्या वळायला ज्याची पानं गोळा करतात त्या तेंदूचा तो भाऊबंद. लाकूड आबनुशी घट्ट, पण पाणी प्यालं की फुगतं. त्याच्यावरचं लोकरी टोपण पावसात भिजलं तर आधी ते काढून वेगळं वाळवायचं, नाहीतर रात्रभर ओल्या कपड्यात झोपवल्यासारखं होतं. टायटॅनियमचे नवे ड्रायव्हर या बाबतीत निर्धास्त. त्यांचा स्क्रू तेवढा मधूनमधून सोडवून पुसून परत आवळावा, नाहीतर गरजेच्या दिवशी हलायचा नाही.

ग्रिप हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळ्यात जास्त हयगय त्याचीच होते आणि सगळ्यात स्वस्तात सुधारतं तेही तेच. क्लबला माणसाचा हात लागतो तो फक्त ग्रिपवर. घाम, सनस्क्रीन, हाताचं तेल बसून रबर गुळगुळीत चकचकीत होतं, आणि ते कडक झालं की माणूस नकळत मूठ आवळतो. आवळलेल्या मुठीने कुणाचाही स्विंग बिघडेल. महिन्यातून एकदा ग्रिप साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासून सावलीत वाळवले तर रबराची पकड परत येते. फार चकाकी असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवावा. आणि गाडीच्या डिकीत सेट ठेवू नये. एप्रिलच्या उन्हात पार्किंगमध्ये डिकी भट्टी होते, ग्रिपखालच्या टेपचा गोंद पातळ होतो आणि फटका मारताना ग्रिप दांड्यावर हळूच फिरतो. सांध्यातल्या गोंदालाही रोजची ती ऊब मानवत नाही.

गेल्या मोसमाआधी आम्ही सगळे ग्रिप बाल्कांवात बसून बदलले. दुकानात नेले असते तर सोपं झालं असतं, पण अंकलांना कुणाच्या हातावर भरवसा नाही. आकडी पात्याने जुना ग्रिप उभा चिरला की तो सालासारखा सुटून येतो. खाली वाळलेल्या टेपचा पिवळट चुरा, तो नखांनी आणि केरोसीनच्या फडक्याने खरवडायचा. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारा नवा टेप दांड्यावर लावायचा आणि तो टोकाकडून जरा आत दुमडायचा. आता घाई. नव्या ग्रिपचं भोक बोटाने बंद करून आत थोडं केरोसीन ओतायचं, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून हलवायचं आणि तेच केरोसीन टेपवर ओतायचं. टेप ओला असतो तोवर निसरडा, ग्रिप सर्रकन आत जातो. मधे क्षणभर थांबलं तर तिथेच अडकतो, ना पुढे ना मागे. पहिला ग्रिप अंकलांनी घातला, एका दमात. मग तो सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं, जरासा फिरवला आणि म्हणाले, ‘‘आतां फाल्यां मेरेन हात लायनाका.’’ उद्यापर्यंत हात लावायचा नाही. आम्ही बाकीचे घालत बसलो. खाली जुना पेपर, त्यावर थेंब, आणि अख्ख्या वाड्याला केरोसीनचा वास. पलीकडच्या घरातून कुणीतरी विचारलं, लाईट गेली काय?

हातमोजा मेंढीच्या पातळ चामड्याचा असतो आणि आमच्या घामात एका फेरीत चिंब होतो. दोन ठेवावेत, अर्ध्यावर बदलावा. भिजलेला खिशात कोंबू नये, सपाट पसरून पंख्याखाली ठेवावा, उन्हात नको. उन्हात तो पापडासारखा होतो. बुटांत कालचा पेपर कोंबावा. अंतर मोजायची दुर्बीण असेल तर पावसाळ्याआधी सेल काढून ठेवावेत. चेनवर मेणबत्ती घासावी.

आणि पावसाळ्यासाठी माझा धंदा कामाला येतो. गोळ्यांच्या मोठ्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात. रिकाम्या डब्यांतल्या त्या मी वर्षभर जमवतो आणि जूनमध्ये बॅगेच्या प्रत्येक कप्प्यात दोन-दोन सोडतो. त्या ओल पिऊन गप्प होतात, म्हणून मधे एकदा बदलतो. बॅग जिन्याखालून काढून कपाटात उभी करतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत कपाटात ओल धरू नये म्हणून छोटा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती. तो बल्ब मी अजून लावतो. एलईडी लावून उपयोग नाही, त्याला ऊब नाही. पण खरा उपाय या सगळ्याहून साधा आहे. दर रविवारी बॅग उघडायची, क्लब बाहेर काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. खेळायचं नसलं तरी. अंकल वरून बघत असतात. एखाद्या रविवारी उघडली नाही तर सोमवारी सकाळी दुकानावर येतात, खोकल्याचं औषध घेतात आणि पैसे देताना सहज विचारतात, बॅग जिवंत आहे ना?

मोसम उघडतो तो आमच्याकडे खंडेनवमीला. घरातली हत्यारं मांडली जातात. विळी, कोयता, माझ्या दुकानातला जुना खलबत्ता, स्कूटर दारात. त्यांच्या रांगेत मी सात नंबरचा आयर्न आणि पटर ठेवतो. आई प्रत्येकाला हळदकुंकू लावते, झेंडू वाहते आणि दरवर्षी विचारते, हे हत्यार कापतं काय? पटरवरचं कुंकू फडक्याने जातं. आयर्नच्या खाचांत बसलेलं जात नाही, त्याला टूथब्रशच लागतो, आणि तो मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईची नजर चुकवून फिरवतो. त्या दिवशी मैदानावर गवत अजून उंच असतं, तळी भरलेली असतात. म्हणून नवा डझन कपाटातच राहतो आणि बॅगेत जातात मुलांकडून घेतलेले, पारखलेले, तळ्यातले बॉल. परत तळ्यात गेले तरी चालतील असे.